बाथला थंडीतच जा

प्रश्न : माझी नणंद इंग्लंडला रेडिंगमध्ये राहते. जानेवारीत सासूबाईंना घेऊन तिच्याकडे जायचं आहे. एक दिवस गरम झऱ्यांचं बाथ शहर बघावं असं मनात आहे, पण सगळे म्हणतात, एवढ्या थंडीत कशाला? सासूबाई 71 वर्षांच्या, गुडघे धरलेले. वज्रेश्वरीच्या कुंडात बसतात तसं तिथंही पाय सोडून बसता येईल, अशी त्यांची फार आशा आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, थंडीतच जा. मी बाथला दोनदा गेले, एकदा जुलैत आणि एकदा जानेवारीत, आईला घेऊन. तिथं गरम झऱ्यावर प्राचीन रोमन लोकांनी बांधलेला मोठा हौद आहे. जुलैत दिसलं ते त्यातलं शेवाळानं हिरवं झालेलं पाणी आणि भोवती गर्दी. जानेवारीत सकाळी त्याच रोमन हौदावरून वाफ उठत होती, इतकी की पलीकडचे खांब मधूनच दिसेनासे व्हायचे. आईचा चष्मा धुरकटला. पदरानं पुसता पुसता ती म्हणाली, "अगं, एवढ्या वर्षांनी अजून ऊनच आहे की!" झरा 46 अंशांचा आहे, रोज सुमारे 11 लाख 70 हजार लिटर पाणी देतो. हौदातलं जादा पाणी ज्या रोमन मोरीतून वाहून जातं, तिथं सासूबाईंना घेऊन जरा थांबा. पाण्यातल्या लोहानं तिथले दगड गेरूसारखे तांबूस झालेत.

आता नको ती गोष्ट. या हौदात पाय सोडता येत नाहीत, हातही घालायचा नाही. 1978 साली इथल्या पाण्यातल्या अमीबाच्या संसर्गानं एक मुलगी दगावली, तेव्हापासून पोहणं बंद झालं. हे सासूबाईंना घरूनच सांगून न्या. मी आईला सांगितलं नव्हतं. ती काठावर बसून मोजे काढायला लागली आणि तिथल्या माणसानं थांबवलं, तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गुडघ्यांना शेक हवाच असेल तर जवळच 2006 साली सुरू झालेलं थर्मे बाथ स्पा आहे. त्याच झऱ्यांचं पाणी, शुद्ध केलेलं, आणि गच्चीवर उघडा तलाव. पोहण्याचा पोशाख लागतो. सासूबाईंची त्याला तयारी आहे का आणि डॉक्टरांची हरकत नाही ना, हे आधी विचारा.

रोमन हौदालगतच्या संग्रहालयात शिशाचे पातळ पत्रे ठेवलेत, ते चुकवू नका. रोमन काळी कुणाचं काही चोरीला गेलं की लोक पत्र्यावर तक्रार कोरून सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकत. असे सुमारे 130 पत्रे सापडलेत. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले होते. चोराची बुद्धी जावो, डोळे जावोत, असं त्यानं मागितलंय. माझी आई मालवणची. मी अर्थ सांगितला तर लगेच म्हणाली, "म्हणजे देवीला गाऱ्हाणं घातलंय!" तिला आणखी काही समजावावं लागलं नाही.

रेडिंगहून गाडीला साधारण तास लागतो. स्टेशनातून हौदापर्यंत दहा मिनिटं सपाट चाल आहे. आत लिफ्ट आहेत, पण हौदाभोवतीची फरसबंदी उंचसखल आणि ओलसर, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे घाला. बाहेर पडलात की शेजारच्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चच्या, दर्शनी भिंतीवर शिडी चढणारे दगडी देवदूत बघा. रॉयल क्रेसेंट ही अर्धगोलातली 30 घरांची रांग चढावर आहे, तिथं टॅक्सीनंच जा आणि तीनच्या आत जा. सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या घरांच्या दगडाचा मधाळ रंग उन्हातच खुलतो.

एक राहिलंच. आम्ही गेलो तेव्हा झऱ्याचं शुद्ध केलेलं पाणी चाखायला मिळालं होतं. कोमट, लोखंडी चवीचं. माझ्यानं एका घोटापुढे जाईना, आईनं मात्र दोन पेले प्यायले आणि ओल्या हातानं दोन्ही गुडघ्यांना लावलं. सासूबाईंसाठी तेवढं नक्की विचारा.