शेतात-गोठ्यात उंदीर फार झालेत. मांजर पाळावं की घुबड जास्त कामाचं?

घुबड. मी दोन्ही पाहिलीत, म्हणून ठामपणे सांगतो.

बार्शीकडच्या आमच्या वस्तीवर गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी होती. पांढरं, बदामी आकाराचं तोंड. मी अकरावीत होतो. खाली ज्वारीच्या पोत्यांवर अंगठ्याएवढ्या काळ्या, चकचकीत गुठळ्या पडायच्या. घुबड शिकार अख्खी गिळतं आणि हाडं-केस असे ओकून टाकतं. एक गुठळी पाण्यात भिजवून सुईनं सोडवली. आत उंदरांच्या तीन कवट्या, पिवळे दात जागच्या जागी, आणि चिचुंद्रीची एक. ही एकच गुठळी!

पिल्लं रात्रभर फुत्कारायची. काकांना तो अपशकुन वाटायचा. त्याच पावसाळ्यात आजी गेली. नव्वदीची होती ती, अंथरुणाला खिळलेली, पण दोष लागला घुबडाला. काकांनी ओल्या कडब्याचा धूर केला. जोडी उडून गेली, दोन पिल्लं खाली पडून मेली. पुढच्या सुगीनंतर पोतीच्या पोती कुरतडलेली निघाली.

मग मांजर आणली. स्वयंपाकघरातले उंदीर धरायची, नाही असं नाही. पण चिमण्यांची पिल्लं, पाली, सरडे, काहीच सोडलं नाही तिनं. घुशीच्या वाटेला मात्र कधी गेली नाही, आणि बांधावरच्या बिळांपर्यंत तर पोचलीच नाही. घुबड रात्रभर शेतावर फिरतं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, म्हणून मिट्ट काळोखातही नुसत्या खसफशीवर उंदीर कुठे आहे ते त्याला नेमकं कळतं. पिसांच्या कडा झालरीसारख्या, त्यामुळे उंदराला चाहूल लागत नाही.

एक राहिलं. घुबड पाळता येत नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. ते आपणहून यायला हवं. गोठ्याच्या आढ्याला लाकडी खोकं बांधा आणि उंदरांचं औषध टाकणं बंद करा, कारण विष खाल्लेला उंदीर गिळून घुबडही मरतं. त्रास फक्त घरातल्या उंदरांचा असेल तर मांजर पुरे.

आणि घरातलं कुणी वडीलधारं अपशकुन म्हणालं, तर गुठळी त्यांच्यासमोरच भिजवून सोडवा. मी माझी एकट्यानं माळ्यावर बसून सोडवली. कवट्या कागदावर घेऊन काकांना दाखवायला खाली आलो, तेव्हा कडबा पेटलेला होता.