गेम बनवायला शिकताय? व्हिडिओची तारीख बघा

गोडो हे मोफत गेम इंजिन आणि त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा यांबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. यावेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : कोडिंगचा गंध नाही. सी प्लस प्लसपासून सुरुवात करू की जीडीस्क्रिप्टपासून?

जीडीस्क्रिप्ट.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला काय शिकवू?

स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोड लिहायची मुलांची भाषा. जबरदस्ती मात्र नको.

प्रश्न : गणित कच्चं आहे. जमेल का?

बेरीज-गुणाकार आणि आलेखावरचे बिंदू समजत असतील तर जमेल. फक्त इथे टूडी, म्हणजे सपाट चित्रांच्या गेममध्ये वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो, म्हणून उडी मारायला वजा आकडा द्यावा लागतो. शाळेतली सवय तेवढी मोडा.

प्रश्न : व्हिडिओत बघून कोड जसाच्या तसा टाइप केला, तरी लाल ओळी येतात. मित्र म्हणतो, गोडोच बिघडलंय. इंजिन बदलू का?

मित्राचं राहू द्या, व्हिडिओ कधीचा आहे ते पाहिलंत का? गोडोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि तिच्यात बरंच काही बदललं. पात्र हलवायला लागणारा 'कायनेमॅटिकबॉडी टूडी' गेला, 'कॅरेक्टरबॉडी टूडी' आला. कोडला थांबून वाट बघायला लावणाऱ्या 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं. पात्र सरकवणाऱ्या 'मूव्ह अँड स्लाइड'च्या कंसात पूर्वी वेग द्यावा लागे. आता वेग आधी 'व्हेलॉसिटी'त भरायचा आणि कंस रिकामा सोडायचा. जुना व्हिडिओ बघून नव्या आवृत्तीत टाइप केलंत तर लाल ओळी येणारच. एआयकडून घेतलेल्या कोडमध्येही तिसरी आणि चौथी आवृत्ती सर्रास एकत्र कालवलेली सापडते.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. चाळीस व्हिडिओ बघितलेली मुलं माझ्याकडे येतात आणि कोरी फाइल उघडून दिली की हात आखडतो. बघणं म्हणजे शिकणं नव्हे हो! व्हिडिओ बंद करा, एक चौकोन डावी-उजवीकडे हलवून दाखवा. वेगाचा आकडा बदला, काय होतं ते बघा. त्रुटीच्या संदेशात ओळीचा क्रमांक दिलेला असतो, तो वाचा. मग अधिकृत मार्गदर्शिका उघडा, तीही तुमच्याच आवृत्तीची. दोन दिवस अडकलात तर जाणकाराला आवृत्ती आणि पूर्ण संदेश दाखवा.

प्रश्न : एका क्लासची फी ऐंशी हजार आहे. नोकरीची हमी देतात, सवलत आज रात्री संपते. भरू का?

आज रात्री तर मुळीच नको. हमी लेखी मागा, मागच्या तुकडीतल्या दोघांशी स्वतः बोला, जमल्यास या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाचा सल्ला घ्या. गोडो वापरायला पैसे पडत नाहीत, गेम विकलात तरी नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर गाडी बरोबर धावते, मित्राकडे सुसाट सुटते. असं का?

तुम्ही 'प्रोसेस'मध्ये, म्हणजे दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) चालणाऱ्या कोडमध्ये, गाडी ५ पिक्सेल पुढे ढकलत असणार. तुमच्याकडे सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ३०० पिक्सेल होतात. मित्राच्या १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर ७२०. ५ काढा, ३०० गुणिले 'डेल्टा' लिहा. 'डेल्टा' म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. दोन्हीकडे पुन्हा चालवून बघा. फरक उरलाच तर नुसतं 'चालत नाही' असं न कळवता ती ओळ पाठवा.