मोठ्या टायरचा खर्च टायरपुरता थांबत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या फोर-बाय-फोर गाडीचे 245/75 आर 16 मापाचे (म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि रिम 16 इंच) मूळ टायर निम्मेच झिजले आहेत, वर्षाला सुमारे 12,000 किलोमीटर प्रवास होतो आणि त्यात कच्च्या वाटेवरच्या फेऱ्या पाच-सहाच असतात, तरीही 285/75 आर 16 मापाचे टायर घ्यायचे आहेत आणि ते हप्त्यांवर घ्यावेत की मुदत ठेव मोडून, एवढेच ठरायचे आहे. माझ्या मते सध्या दोन्ही करू नये, कारण पैसे कोठून आणायचे हे ठरवण्याआधी एकूण किती लागणार आहेत याचाच हिशेब अजून पुरा झालेला नाही.

आपण कळवलेला आकडा चार टायरांचा आहे. अशा गाडीत स्टेपनीही त्याच मापाची लागते, कारण एकच चाक वेगळ्या व्यासाचे असेल तर डिफरन्शियलवर, म्हणजे एकाच एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीवर, सतत ताण पडतो. तेव्हा टायर पाच धरावेत. नव्या मापामुळे व्यास सुमारे 774 मिलिमीटरवरून 834 मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ टक्क्यांनी वाढतो, परंतु गाडीचा तळ मात्र त्याच्या निम्माच, 30 मिलिमीटर, उचलला जातो. एवढ्यासाठी मडगार्डला घासणारे टायर मोकळे फिरावेत म्हणून सस्पेन्शन उंच करणे, रिमची रुंदी पुरेशी नसल्यास रिम बदलणे, चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घेणे आणि जड चाकांमुळे बेअरिंग व ब्रेक लवकर झिजणे हे सारे ओघाने येते. चढावर ओढ कमी पडू लागली की गिअरचा प्रश्नही उभा राहतो: एक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा, 4.10 असेल तर ते व्यवहारात 3.80 च्या आसपास उतरते, आणि ते भरून काढण्यासाठी पुढच्या व मागच्या अशा दोन्ही एक्सलचे गिअर बदलावे लागतात. हे काम अनेकदा टायरांपेक्षा महाग पडते, हे दुकानात सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही.

इंधनाचा हिशेब करताना एक फसगत टाळावी. मोठे टायर लावल्यावर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो. आपले 12,000 किलोमीटर त्यावर सुमारे 11,140 दिसतील, त्यामुळे मायलेज आहे त्याहून वाईट भासेल आणि सर्व्हिसिंग मात्र उशिरा होईल. खरे अंतर धरूनही मायलेज लिटरला 11 किलोमीटरवरून 10 वर आले, तर वर्षाला सुमारे 109 लिटर इंधन जादा लागेल. हा खर्च टायर आहेत तोवर दरवर्षी होत राहणार, म्हणून तो खरेदीच्या किमतीतच मिळवावा.

मी आपल्या जागी असतो तर आहेत ते टायर आधी झिजू दिले असते, कारण त्यांच्या उरलेल्या आयुष्याचे पैसे आपण भरून चुकला आहात. तोपर्यंत कच्च्या वाटेवर हवा बेताने कमी करून पाहावी. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, पकड वाढते, आणि त्यासाठी एक गेज व छोटा कॉम्प्रेसर एवढाच खर्च येतो. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायलाच हवी. पुढे बदलायची वेळ येईल तेव्हा 265/75 आर 16 मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी व कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालणारे, टायर पाहावेत. त्यांचा व्यास जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे गिअरला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. ते कुठे घासत तर नाहीत ना, हे स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहून घ्यावे.

तोपर्यंत हप्त्याला जी रक्कम गेली असती तीच दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी, आणि मुदत ठेव आपला आपत्कालीन निधी असेल तर ती मुळीच मोडू नये. माप बदलण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे, कारण न कळवलेल्या बदलामुळे दावा अडू शकतो. तसेच टायर घेताना त्याच्या कडेवरचे उत्पादनाची वेळ सांगणारे चार अंक वाचावेत: 2324 असे असल्यास तो 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला असतो, आणि सवलतीत मिळणारा टायर बरेचदा गोदामात पडून जुना झालेला असतो.