हातोड्याची गोष्ट काढ, तार लाव

अगं,

तुझ्या टॉकचा ड्राफ्ट वाचला. प्राचीन ग्रीसमधलं संगीत आणि गणित, विषय मस्त निवडलायस, आणि तू गाणं पण शिकतेस आणि मॅथ्स पण करतेस म्हणून हा विषय तूच मांडावास असं मला मनापासून वाटतं. पण सुरुवातीची ती लोहाराची गोष्ट काढ. पायथागोरस दुकानावरून चाललाय, हातोडे सुरात वाजतायत, तो आत जाऊन वजनं करतो तर १२, ९, ८, ६ निघतात आणि लागला सुरांमागच्या गुणोत्तरांचा शोध. गोष्ट सगळीकडे सापडते, मान्य, पण ती लिहिणारा ग्रीक गणिती निकोमाखस इ.स. १०० च्या आसपासचा, म्हणजे पायथागोरसनंतर जवळपास ६०० वर्षांनी, आणि मुळात ती फिजिक्समध्ये बसतच नाही. हातोड्याचा सूर असा सरळ वजनाच्या हिशोबाने चढत-उतरत नाही. पुढे म्हणे त्याने तारांना तीच वजनं टांगली आणि तेच सूर आले, तर तेही येत नाहीत. अगदी सारख्या दोन तारा घे, एकीला ६ किलो टांग, दुसरीला १२, गोष्टीत म्हटलंय तसा वरचा सा नाही मिळणार, तीव्र मध्यमाजवळ पोचशील, कारण ताण दुप्पट केला तरी कंपनं फक्त वर्गमूळ २ पट वाढतात, वरच्या सा साठी वजन चौपट लागतं. हे प्रयोग करून सांगितलं विन्चेन्झो गॅलिलीने, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, ते स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचे, आणि तोवर १६ वं शतक संपत आलं होतं! जवळजवळ दीड हजार वर्षं ही गोष्ट तशीच सांगितली गेली, कुणी तार टांगून बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, तू तार लाव. एक फळी घे, त्यावर स्टीलची एक तार ताणून बसव, दोन्ही टोकांच्या घोड्यांमध्ये बरोबर ६० सेंमी अंतर ठेव आणि मध्ये एक सरकती घोडी. ती फार उंच नको, नाहीतर तार जास्त ताणली जाते आणि सूर चढा लागतो. पूर्ण तार छेडलीस तो सा. आता ३० सेंमी वाजव, वरचा सा. ४० वाजव, पंचम. ४५ वाजव, शुद्ध मध्यम. म्हणजे २:१, ३:२, ४:३, फक्त १ ते ४ हे आकडे, आणि या चारांची बेरीज १०, जिच्यावर पायथागोरसच्या मंडळींची जवळजवळ भक्तीच होती. आणि ४५ वरून ४० वर आलीस की मध्यमावरून पंचमावर येतेस, तेवढं अंतर ९:८, त्याला ते टोन म्हणायचे. टॉकमध्ये हे लोकांसमोर करून दाखव, स्लाइड नको.

एक लक्षात ठेव, पायथागोरसने स्वतः लिहिलेलं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. ही गुणोत्तरं लेखी सापडतात ती त्याच्याच पंथातल्या फिलोलाउसच्या लिखाणाच्या उरलेल्या तुकड्यात, इ.स.पू. ५ व्या शतकात. त्यामुळे 'पायथागोरसने सिद्ध केलं' असं लिहू नकोस.

तुझ्या ड्राफ्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की तू २:१, ३:२ पाशी थांबलीस आणि 'म्हणून संगीत म्हणजे गणितच' असं लिहून टाकलंस, आणि खरी मजा तर तिथून पुढे आहे! बघ, मध्यमाच्या ४:३ मधून दोन टोन काढलेस तर उरतं २५६:२४३. किती वेडावाकडा आकडा, आणि तो अर्धा टोनही नाही, थोडा कमीच. मग टोनचे दोन सारखे भाग का नाही करायचे? तर दक्षिण इटलीतल्या तारेंतुम या ग्रीक गावच्या अर्खितस या गणितीने सिद्ध केलं की ९:८ सारखं, म्हणजे वरचा आकडा खालच्यापेक्षा फक्त १ ने मोठा असं, गुणोत्तर पूर्णांकांच्या गुणोत्तरांत समान अर्धं होतच नाही. करायला गेलीस की वर्गमूळ २ आडवं येतं. तुला ही सिद्धता नक्की जमेल, स्वतः करून बघ, उत्तर शोधू नकोस.

आणि त्याच गावचा अरिस्तोक्सेनस, ॲरिस्टॉटलचा शिष्य, बाप संगीतकार, तो म्हणतो की सूर कानाने ठरतात, गुणोत्तरांनी नाही, गाणाऱ्याच्या कानाला अर्धा टोन कळतो आणि मध्यम म्हणजे अडीच टोन, बस. मला दोघंही तितकेच प्रामाणिक वाटतात. तू गातेस म्हणून तुझा ओढा अरिस्तोक्सेनसकडे जाईल आणि मॅथ्सवाले मित्र तुला अर्खितसकडे ओढतील, पण घाईने कुणाची बाजू घेऊ नकोस.

त्याआधी टॉलेमी वाच, इ.स. २ ऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा, तोच ज्याचं खगोलशास्त्र प्रसिद्ध आहे. त्याने दोन्ही बाजूंना सुनावलं, आणि गुणोत्तरं कानाने तपासायला ८ तारांचं वाद्य कसं करायचं तेही लिहून ठेवलं. त्याचा एक मुद्दा तर टॉकमध्ये घेच. सप्तक अधिक मध्यम, म्हणजे तार मध्यम, याचं गुणोत्तर येतं ८:३. पायथागोरसवाल्यांच्या नियमात फक्त २:१, ३:१ असले पटीतले किंवा ३:२, ४:३ असले १ च्या फरकाचे आकडे बसायचे, ८:३ यातलं काहीच नाही, म्हणून त्यांनी तो मेळ नाकारला. टॉलेमी म्हणाला कानाला तर तो चक्क जुळलेला लागतो, मग चूक नियमाची आहे.

६० सेंमीच्या तारेवर ही जागा २२.५ वर येते. शेजारी सा लावलेली दुसरी तार ठेव, दोन्ही एकदम छेड, आणि आकडा क्षणभर विसरून काय ऐकू आलं ते आधी कागदावर लिही. मग ड्राफ्ट परत पाठव.