मुलीच्या बेटा माशासोबत टँकमध्ये दुसरं काय ठेवता येईल?

तुम्ही लिहिलंय की ८ वर्षांच्या मुलीला बेटा भेट मिळालाय, नर आहे, लांब शेपटीचा, टँक २० लिटरचा, त्यात छोटा फिल्टर आणि हीटर आहे, आणि आता ती रोज मागे लागलीय की तो बिचारा एकटा आहे त्याला मित्र आणूया, तर कोणता मासा आणू. आधी थोडक्यात सांगतो मग सविस्तर. २० लिटरमध्ये दुसरा मासा आणू नका, एकही नको. आणायचीच असेल तर एक नेराइट गोगलगाय आणा. आणि पुढेमागे ४०-६० लिटरचा टँक घ्यायची तयारी असेल तर बरेच पर्याय उघडतात, ते खाली लिहितो.

आता एकटेपणाचं. हे तिला समजावणं सगळ्यात अवघड जाणार आहे मला माहितीय, कारण लहान मुलांना कोणीही एकटं बसलेलं बघवत नाही. पण बेटाचा नर मुळात एकटाच राहणारा. थायलंड आणि आजूबाजूच्या भागात उथळ, गवताळ, संथ पाण्यात हे मासे राहतात, प्रत्येक नर आपापला इलाका धरून बसतो आणि दुसरा नर आत आला की भांडण ठरलेलं. त्यात माणसांनी शेकडो वर्षं झुंजीसाठी मुद्दाम जास्त भांडखोर मासे निवडून त्यांची पैदास केली, म्हणून तर लोक याला फायटर म्हणतात. (थायलंडने २०१९ मध्ये याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं, हे मुलीला सांगा, मुलांना असल्या गोष्टी फार आवडतात.) तर सोबत नाही म्हणून तो झुरत वगैरे नाहीये. तो नुसता एका जागी पडून राहत असेल तर आधी पाण्याचं तापमान बघा, २५ ते २७ च्या आसपास हवं, थंड पाण्यात बेटा सुस्त होतो आणि लोकांना वाटतं उदास झालाय.

कंटाळा मात्र येऊ शकतो असं मला वाटतं, रिकाम्या काचेच्या डब्यात कोणालाही येईल. त्यावर उपाय म्हणजे झाडं. अनुबियास, जावा फर्न, हॉर्नवर्ट, यातलं काहीही, यांना फार उजेड लागत नाही आणि मरतही नाहीत लवकर. फक्त अनुबियास आणि जावा फर्नचं खोड वाळूत पुरू नका, सडतं, दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधा. एखादं रुंद पान पाण्याच्या वरच्या बाजूला येईल असं लावलं तर बेटा त्या पानावर जाऊन चक्क लोळतो, त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं ना, मग तेवढं जवळ पडतं. शिवाय बेटा जेवण देणाऱ्याला ओळखायला लागतो आणि काचेबाहेरच्या बोटामागे फिरतो, रोज त्याच वेळी मुलीने काचेवर बोट हळू फिरवून मग दाणा टाकला तर काही दिवसांत तो बोट दिसलं की धावत येईल. टिचकी मारायची नाही हं काचेवर. हा जो मित्र तिला त्याच्यासाठी हवाय ना तो खरं तर तीच होऊ शकते.

आता २० लिटरला नाही का म्हणतोय. बेटासोबत जे मासे चालतात ते जवळजवळ सगळे कळपात राहणारे आहेत. त्यांना निदान ६ जण लागतात, एक-दोनच आणले तर ते घाबरून कोपऱ्यात बसतात किंवा उलट एकमेकांच्या आणि बेटाच्या शेपटीला चावत सुटतात. आणि ६ मासे २० लिटरमध्ये टाकले की बेटाच्या दृष्टीने घरात घुसखोरी झाली, कारण एवढा टँक अख्खाच त्याचा इलाका असतो, दुसऱ्याला पळून जायला जागाच नसते. वर घाणीचा प्रश्न आहेच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, मग नायट्रेट होतं जे थोडं चालतं आणि पाणी बदललं की निघून जातं. पाणी जितकं कमी तितकं हे गणित लवकर बिघडतं. दुकानात बेटा छोट्या कपात ठेवलेले असतात म्हणून लोकांना वाटतं त्याला जागा लागत नाही, तर तो कपात जगतो कारण हवेतून श्वास घेऊ शकतो, एवढंच, ते काही त्याचं घर नाही.

गोगलगायीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्यासाठी तोच पर्याय आहे. नेराइट ही साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची, कवचावर पट्टे नाहीतर ठिपके, काचेवरचं हिरवं शेवाळ दिवसरात्र खात फिरते. मुलांना ती बाहेरून बघायला भारी वाटते कारण काचेला चिकटलेली असताना तिचं तोंड उघडमिट करताना स्पष्ट दिसतं. गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत, त्यामुळे टँकभर गोगलगायी व्हायची भीती नाही, पण मादी असेल तर तिळाएवढी पांढरी अंडी काचेवर आणि दगडांवर चिकटवून ठेवते, ती फुटत नाहीत आणि खरवडल्याशिवाय निघतही नाहीत, ज्यांना टँक चकाचक लागतो त्यांना याचा वैताग येतो. मिस्टरी गोगलगाय मोठी होते, दिसायला जास्त गोंडस आहे, पण तिच्या मिशा लांब असतात आणि वळवळतात, बेटाला त्या अळी वाटतात आणि तो तोडतो. एकदोनदा चावून बघितलं आणि सोडून दिलं तर ठीक, मिशा परत वाढतात, पण रोजच मागे लागला तर ती कवचाबाहेरच येत नाही आणि उपाशी मरते. म्हणून मी आधी नेराइट म्हणतोय, तिच्या मिशा बारीक असतात आणि बराचसा भाग कवचाखाली राहतो. नवीन टँकमध्ये शेवाळ नसतं तेव्हा तिला उकडलेल्या काकडीची चकती द्या, दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाका. टँकला झाकण असू द्या, ती रात्री वर चढून बाहेर पडते, आणि बेटाही उडी मारतो, दोघांसाठी झाकण हवंच. फक्त झाकण आणि पाणी यात थोडी हवेची जागा सोडा.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, गोगलगाय किंवा झिंगे टँकमध्ये असताना माशाचं औषध टाकायची वेळ आली तर औषधात तांबं आहे का ते बघा. तांब्याने मासा वाचेल पण ते मरतात.

मोठा टँक घेतलात तर उंच घेण्यापेक्षा लांब घ्या. माझी पहिली पसंती कॉरीडोरास, कारण ते तळाशी असतात आणि बेटा वर, दोघांची गाठच कमी पडते. ४० लिटरच्या आसपास असेल तर पिग्मी कॉरी, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचे, ६ ते ८ आणा. मोठ्या जातीच्या कॉरींना ६० च्या पुढे जागा हवी. तळाला टोकदार खडी असेल तर काढून बारीक वाळू टाका, त्यांच्या मिशा खडीने झिजतात. दुसरा पर्याय एम्बर टेट्रा, छोटे, नारंगी, शांत, किंवा हार्लेक्विन रासबोरा, तेही ६-८ च्या कळपात आणि टँक ६० च्या पुढे असेल तर जास्त बरं. निऑन टेट्रा सगळ्यात आधी सुचवले जातात पण त्यांना बेटापेक्षा जरा थंड पाणी मानवतं आणि कळप लहान असला की शेपटीला तोंड लावतात, मी तरी लांब शेपटीच्या बेटासोबत ठेवणार नाही. कुहली लोच गमतीशीर आहेत, सापासारखे वळवळतात, पण दिवसा लपलेले असतात, ज्या मुलीला मासे दिसायला हवेत तिला ते काय कामाचे.

झिंग्यांचं असं आहे की चेरी श्रिम्प म्हणजे बेटाचं महाग जेवण. काही बेटा ढुंकून बघत नाहीत, काही एका रात्रीत सगळे संपवतात, आणि कोणता कसा निघेल ते आधी कळत नाही. अमानो श्रिम्प मोठे असतात, चार-पाच सेंटिमीटर, त्यांचा निभाव लागायची शक्यता जास्त, पण त्यांनाही लपायला भरपूर जावा मॉस हवंच, कात टाकल्यावर ते मऊ असतात तेव्हा खास करून. मुलगी त्यांना नावं ठेवून जीव लावणार असेल तर मी या फंदात पडणार नाही.

आणू नये अशांमध्ये पहिलं नाव गप्पी. रंगीत, मोठी शेपटी, बेटाला तो दुसरा नरच वाटतो, आणि दोघांपैकी कोणाची तरी शेपटी फाटते. दुसरा बेटा तर नाहीच, मादीसुद्धा नाही, ‘जोडी’ म्हणून देतात काही लोक, पण अंडी घालण्यापुरतीच नर-मादी एकत्र ठेवायची असते आणि त्यानंतर नरच मादीला मारतो. गुरामी बेटाच्याच कुळातले, वर येऊन हवा घेणारे, त्यामुळे जागेवरून भांडण. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा शेपट्या कुरतडायला प्रसिद्ध आहेत. एंजल नको, आणि तो ज्या सिक्लिड कुळातला आहे त्यातला कुठलाच मासा नको. गोल्डफिश थंड पाण्यातला, घाण भरपूर करणारा आणि मोठा होणारा, त्याचं बेटाशी काहीच जुळत नाही. आणि काच साफ करायला म्हणून तो काळा प्लेको देतात ना ५ सेंटिमीटरचा, तो वाढून फुटाच्या वर जातो, तो आणलात तर पुढच्या वर्षी तुम्ही त्याला कुठे देऊ म्हणून प्रश्न विचारताना दिसाल.

मोठ्या टँकवर जाताना घाई करू नका एवढी एकच विनंती. रिकामा टँक फिल्टर लावून चालवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं म्हणजे अमोनिया तयार होतो, आणि टेस्ट किटने बघत राहायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊन नायट्रेट दिसायला लागलं की टँक तयार, याला ४ ते ६ आठवडे लागतात. जुन्या टँकचा स्पंज नव्या फिल्टरमध्ये टाकला तर बरंच लवकर होतं. तो स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकच्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाचं पाणी टाकताना क्लोरीन काढायचं औषध नेहमी. फिल्टरचा जोर कमी ठेवा, लांब शेपटीचा बेटा जोरदार प्रवाहात दमतो.

नवीन मासे आणले की दोनेक आठवडे वेगळ्या डब्यात ठेवून बघा, रोग असेल तर तिथेच दिसेल. आणि शक्य असेल तर नव्या टँकमध्ये आधी बाकीचे सोडा, बेटा सगळ्यात शेवटी, म्हणजे तो नवखा असतो आणि इलाका धरून बसलेला नसतो. बेटा आधीच आत असेल तर दगड-झाडांच्या जागा बदलून टाका, त्यालाही घर नवीन वाटतं. दिवे बंद करून सोडा. ज्या दिवशी तुम्ही घरी असाल तोच दिवस निवडा, मुलीला शाळेत जाताना घाईत सोडू देऊ नका.

पहिले काही तास गालाचे पडदे फुगवून तो सगळ्यांच्या मागे जाणारच, फुगवून थांबला आणि परत फिरला तर काळजी नको. पण एकाच माशाच्या मागे सतत लागतोय, कोणी कोपऱ्यात खालच्या बाजूला दबून बसलंय, खायला येत नाहीये, शेपट्यांना खाच पडल्यात, तर त्याच दिवशी वेगळं करा, ‘सवय होईल’ म्हणून वाट बघू नका. त्यासाठी जुना २० लिटरचा टँक मोडू नका, चालूच ठेवा. बेटाचा स्वभाव प्रत्येकाचा वेगळा असतो, माझ्याकडचा एक कॉरींमध्ये निवांत राहायचा आणि त्याच टँकमध्ये नंतर आणलेल्याने त्यांना जगू दिलं नाही, त्याला शेवटी वेगळंच ठेवलं आणि एकटा मस्त राहिला. पाण्यावर फेसाचं घरटं दिसायला लागलं तर मुलगी खूश होईल, पण ते तो वयात आल्याचं लक्षण आहे, आणि घरट्याच्या आसपास तो जास्तच चिडका होतो हे लक्षात असू द्या.

मुलीला कामं वाटून द्या. बेटाचे दोन-तीन दाणे सकाळ-संध्याकाळ तिने मोजून टाकायचे, मूठभर नाही. कॉरी असतील तर त्यांची बुडणारी गोळी रात्री दिवा बंद केल्यावर टाकायची, नाहीतर बेटा खाली जाऊन ती पण गिळतो आणि पोट फुगवून बसतो. आठवड्याला पाव टँक पाणी बदलताना तिला मदतीला घ्या, पण तोंडाने ओढून पाईप चालू करायचा नाही, आणि टँकमध्ये हात घातला की साबणाने धुवायचा, गोगलगाय हातात घेतली तरी.

आणि गोगलगाय आणलीत की एक-दोन दिवस ती जागची हललीच नाही तर मेली म्हणून फेकू नका, नवीन पाण्यात त्या कवच मिटून बसतात. उलटी पडली असेल तर सरळ करून ठेवा, काहींना स्वतः उलटता येत नाही. तरीही शंका वाटलीच तर बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास असा असतो की दुसऱ्यांदा विचारायची गरज पडत नाही, आणि तशी निघाली तर लगेच काढून टाकून थोडं पाणी बदला, नाहीतर एवढ्या छोट्या टँकमध्ये अमोनिया एका दिवसात चढतो.