नोव्हेंबरअखेर पुण्याजवळ निसर्गाचे, पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायला कुठे जावे? साधा कॅमेरा पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या लाल-पिवळ्या झाडांचे फोटो बघून कॅमेरा घेतला, पण आता नोव्हेंबर संपत आला तरी आपल्याकडे तसलं काहीच दिसत नाही. सोबत साधा डीएसएलआर, 70-300 मिलिमीटरची लेन्स आणि आठवड्याची एकच सुट्टी. मी गेली बारा वर्षं अशाच सामानावर आणि अशाच सुट्टीवर हा छंद करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी झाडांकडे बघणं सोडा. आपल्याकडची खरी पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. शरद संपून हेमंत लागतो तेव्हा झाडं हिरवीच असतात, रंग बदलतो तो गवताचा. बारामती, इंदापूर, सासवडकडची माळरानं पावसाळ्यात हिरवीगार असतात. दिवाळी उलटली की ती आधी पिवळट आणि मग सोनेरी होतात. सकाळी पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि त्या गवताच्या मागून तिरपा प्रकाश येतो, तेव्हा प्रत्येक कुसळाची कड वेगळी चमकते. या दिवसांत सूर्य दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कललेलाच राहतो. म्हणजे चांगला उजेड एप्रिल-मेपेक्षा कितीतरी जास्त वेळ मिळतो. आपला शरद-हेमंत मला याच्यासाठी प्यारा आहे.

एकच दिवस असेल तर मी भिगवणला जा म्हणेन. भीमेवर उजनी धरण झालं आणि त्याचं पाणी मागे पसरलं, त्या फुगवट्यावर हे सगळं पक्षीजग उभं आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचता. तिथले मासेमारी करणारे लोकच होडीतून नेतात. दर आधी ठरवून घ्या, आणि सूर्य आपल्या पाठीशी राहील असं बघा, एवढं होडीवाल्या दादांना सुरुवातीलाच सांगा.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर हिरमोड होईल. बहुतेक जण भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला जातात. पाऊस चांगला झाला असेल तर नोव्हेंबरात धरण तुडुंब असतं आणि काठचा चिखल पाण्याखाली असतो. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून, चिखलपाणी गाळून खातो. खोल पाणी त्याच्या उपयोगाचं नाही. त्यामुळे पाणी ओसरायला लागलं की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचे मोठे थवे दिसतात. आत्ता दिसले तर नशीब समजा.

पण आत्ता जे असतं तेही थोडं नाही. लडाख-तिबेटकडून आलेले केशरी चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदकांचे थवे, काठाने लांब गुलाबी पायांवर चालणारे शेकाटे, पाण्यावरून सुळकन जाणारे नदी सुरय. आणि पट्टकादंब हंस, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरपेक्षाही जास्त उंचीवर त्याचं उड्डाण मोजलं गेलंय. तो शांतपणे काठाचं गवत खुडत बसलेला बघताना मला अजूनही भरून येतं.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. पट्टकादंबांचा एक थवा दिसला आणि मी होडी आणखी जवळ न्यायला लावली. सगळा थवा उठला. माझ्याकडे उरल्या फक्त दूर जाणाऱ्या पाठी. ज्यांनी एवढा पल्ला उडून अंगात ताकद राखली, त्यांना मी एका फोटोसाठी उठवलं, हे मनाला लागलं. पुढच्या खेपेला वेगळ्या होडीवाल्या दादांनी इंजिन लांबच बंद केलं, बांबूने रेटत थोडं आत आले आणि म्हणाले, "सर, हितंच थांबू. आपुन गेलो तर उठत्यात, थांबलो तर तीच येत्यात." वीस-पंचवीस मिनिटं आम्ही काही बोललो नाही. धुकं पाण्यावर गुडघाभर उंचीचं होतं, नुसत्या माना दिसत होत्या. मग चक्रवाकाची एक जोडी पोहत पोहत होडीच्या इतकी जवळ आली की नराच्या गळ्यातली काळी कंठी संपत आलेली, अर्धवट पुसल्यासारखी, मला स्पष्ट दिसली. मादीने मान वळवून पाठीवरची पिसं साफ केली आणि चोचीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लटकून राहिला. तो फोटो मी 300 च्या लेन्सवरच काढलाय.

त्यामुळे लेन्स पुरेल का, याचं उत्तर हो, पुरेल. साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्यावर 300 ची लेन्स जवळपास 450 इतकं काम देते. जे उरतं ते अंतर थांबून भरून काढायचं. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग 1/500 सेकंद चालतो, उडत्या सुरयाला 1/2000 लागतो. पहाटे त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, 1600 पर्यंत न्यावा लागला तरी बेलाशक न्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. धुक्यात कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वाढवा. उलट गडद पाण्यासमोर चित्रबलाकासारखा पांढरा पक्षी असेल तर थोडं कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील जातो. होडीत उभे राहू नका. खाली बसून कॅमेरा जितका पाण्यालगत आणाल तितका पक्षी त्याच्या जगातला वाटेल. दहानंतर लांबचे फोटो काढू नका. पाण्यावरची तापलेली हवा लवलवते आणि महागडी लेन्ससुद्धा धूसर चित्र देते.

दहानंतर काय करायचं, तर बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे वळा. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हा हरणासारखा छोटा प्राणी तिथे हमखास म्हणावा असा दिसतो. चिंकाऱ्याची एक सवय लक्षात ठेवा. तो पळतो, थोडं अंतर राखतो आणि मग थांबून मागे वळून बघतो. पळतानाच्या फोटोमागे लागू नका, त्या वळण्याची वाट बघा. दुपार तिथेच काढली तर संध्याकाळी भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालत येतात आणि रात्रीसाठी गवतातच, जमिनीवर उतरतात. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीत शिरसुफळला वनखात्याची गवताळ सफारी आहे, तीही बघण्यासारखी.

इथे मात्र एक कळकळीची विनंती. याच दिवसांत लांडग्यांची पिल्लं जन्मतात. मागे एकदा एका माळावर तीन-चार गाड्या एका बिळाला घेरून उभ्या असलेल्या मी पाहिल्या, लोक खाली उतरून फोटो काढत होते. माणसांचा वावर वाढला की लांडगीण पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात. बीळ दिसलं तर लगेच मागे फिरा, आणि फोटो टाकताना जागेचं नाव लिहू नका. मोबाइलवर काढला असेल तर त्यातली लोकेशनची नोंदही काढून टाका.

ज्या रविवारी बाहेर जाणं जमणार नाही, त्या रविवारी गच्चीवर जा. तुळशीच्या लग्नाच्या आसपास शहरात धोबी पक्षी शेपटी खालीवर हलवत फिरायला लागलेला असतो. बागेतल्या गवतावर दव असतं, त्यात रात्रभर बसलेला चतुर गारठलेला आणि भिजलेला असल्यामुळे उन्हं येईपर्यंत उडू शकत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेल्या छोट्या लेन्सने त्याच्या जवळ जाऊन बघा, पंखांच्या जाळीतल्या बऱ्याच घरांत एकेक थेंब असतो.

भिगवणला जाताना कॅमेरा गाडीत एसीसमोर ठेवू नका, बाहेर काढल्यावर काचेवर बाष्प धरतं. माळावर जाड मोजे घाला, कुसळं आत शिरतात. आणि पाणी उतरलं की जानेवारीत त्याच काठावर पुन्हा जा, शक्यतो त्याच होडीवाल्यांबरोबर. तोवर रोहित आलेले असतील.