कर्नलमधला न वापरलेला कोड लिंकरकडून काढून घ्यावा का? किती जागा वाचते?

तुम्ही लिहिलंय की राउटरच्या लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी, जीसी-सेक्शन्स (न वापरलेला कोड गाळायला लावणारा लिंकरचा ऑप्शन; लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवणारं टूल) चालू करायचंय, पण टीममधले म्हणतात, 'लिंकर कामाचा कोड उडवतो.' हेच वाक्य मी इथे सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, सहा महिने ऐकलंय. म्हणून लिहितोय.

टॉवेलच्या यंत्रमागावर पिक, म्हणजे विणताना टाकलेले आडवे धागे, मोजणारा बोर्ड आम्ही करत होतो. फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी चिप) 4 एमबी, कर्नल त्याच्या जागेत बसेना. सर म्हणाले, मोठी चिप घ्या. शंभर बोर्ड तयार होऊन पडलेले! मी प्रत्येक फंक्शन आणि डेटा वेगळ्या सेक्शनमध्ये (लिंकर वेगळा उचलू शकेल अशा तुकड्यात) टाकलं आणि ज्यांना कुठूनच संदर्भ नाही ते सेक्शन लिंकरला गाळायला लावले. इमेज बसली, बोर्ड सुरू झाला. मागावर लावला तर धोटा धडाधड चालतोय, टॉवेल उतरतोय आणि डिस्प्लेवर 0000. लॉगमध्ये एकही एरर नाही. मागावरचे मामा म्हणाले, "साहेब, पिकच मोजंना तर माझी मजुरी कशी काढणार?"

रात्री प्रिंट-जीसी-सेक्शन्स, म्हणजे काय गाळलं त्याची यादी छापणारा ऑप्शन, लावून पुन्हा लिंक केलं. गाळलेल्या यादीत आमच्या सेन्सर ड्रायव्हरची नोंद! चिपसोबत आलेल्या जुन्या कर्नलमध्ये ड्रायव्हरांचं वेगळं टेबल होतं. त्यातल्या नोंदीला कोडमध्ये कुणी नावाने बोलवत नाही, टेबलाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत लूप फिरतो. नोंदच गेली, लूप रिकामा फिरला. मूळ लिनक्सच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये (कुठला सेक्शन कुठे जाईल ते सांगणारी फाइल) इनिटकॉल, एक्सेप्शन टेबल अशा टेबलांना कीप, म्हणजे 'संदर्भ नसला तरी गाळू नको' ही खूण, लावलेलं असतं. या टेबलाला नव्हतं. एका ओळीत कीप घातलं आणि आकडे पळायला लागले.

तरी सरांनी 'लिंकरवर भरवसा नको' म्हणत ऑप्शन बंद करायला लावला, मोठ्या चिपची ऑर्डर गेली. ते चूकच होतं, आजही म्हणेन. लिंकर अंदाजाने काही काढत नाही, संदर्भ बघतो. दोष कीप न लिहिणाऱ्याचा. तुमच्या टीमपुढे गाळलेल्या सेक्शनची यादी ठेवा आणि यातली कुठली ओळ कामाची होती ते बोट ठेवून दाखवा म्हणा.

किती वाचेल ते तुमच्या कॉन्फिगवर आहे. फ्लॅशमध्ये कॉम्प्रेस केलेली इमेज जाते, तीच मोजा. आणि हो, नको ते ड्रायव्हर आधी मेन्युकॉन्फिगमध्येच (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायचा मेन्यू) काढा, मोठी बचत तिथेच होते. मॉड्यूल (कर्नल चालू असताना लोड होणारे वेगळे तुकडे) चालू असतील तर त्यांच्यासाठी एक्सपोर्ट केलेली फंक्शनं कुणी वापरत नसलं तरी राहतात. ट्रिम-अनयूज्ड-केसिम्स या कर्नलच्या ऑप्शनने ती जातात, पण मग बाहेर बांधलेलं मॉड्यूल लोड होईलच असं नाही.